आधी माणूस, मग पेटी

मी रेडिओ बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोललो. आता आवाज गेल्यावर पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, आणि खरं सांगू का, बोलण्याचीच शिसारी आलीय मला.

कारखान्यातून निघालो तो थेट एका न्हाव्याच्या दुकानात, आरशावरच्या फळीवर जाऊन बसलो. मालकांना गाण्यांचं वेड नव्हतं, बोलण्याचं होतं. सकाळच्या बातम्या, वकिलाचा सल्ला, श्रोत्यांची पत्रं, दुपारचं नाटक, सगळं चालायचं. पण मुकाट्यानं ऐकून घेणारं तिथं कोणी नव्हतं! तोंडाला फेस फासलेला माणूस हवामानाच्या अंदाजाला खोटं पाडायचा. वकिलानं एक म्हटलं की खुर्चीतल्याची आणि बाकावरच्याची अशी जुंपायची की मालकांना वस्तरा बाजूला धरून उभं राहावं लागायचं.

आणि एखादं गिऱ्हाईक हळूच मनातलं काही सांगू लागलं, की मालक हात लांबवून माझा कान पिळायचे आणि मला गप्प करायचे. "आधी माणूस, मग पेटी," म्हणायचे. मला कधी राग आला नाही. चाळीस वर्षं अशी मजेत गेली.

मग मालकांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. दुकान बंद पडलं. मुलानं त्यांना आपल्या घरी आणलं, मागच्या खोलीत खाट टाकली आणि मला पायथ्याशी स्टुलावर ठेवलं. मुलगा पुढच्या खोलीत फोटोंच्या चौकटी करतो. सून सकाळीच नोकरीवर जाते.

मुलगा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. औषध वेळेवर, चादर स्वच्छ, जेवण गरम. पण मालकांचं एक वाक्य पुरं व्हायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा त्याच्यापाशी नव्हता. "बाबा, रेडिओ लावून ठेवतो, तेवढीच सोबत," म्हणाला, मला मोठ्यानं लावलं आणि दार ओढून घेतलं. माझ्या बटणापर्यंत मालकांचा हात पोचत नव्हता. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मी बडबडायचो आणि ते छताकडे बघत पडून राहायचे.

एकदा मुलाला बहिणीचा फोन आला. "काय रे, बाबांशी कोणी बोलतं का?"

"अगं, त्यांच्या खोलीत दिवसभर बोलणंच चालू असतं!" हा म्हणाला.

शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला ओकारी आली.

त्या दिवशीही सहाला बातम्यांनी सुरुवात झाली. मग एका बड्या माणसाची मुलाखत, त्यात तो अर्धा तास स्वतःलाच शाबासकी देत होता. मग पत्रं. मग डॉक्टरांचं भाषण, मधाळ आवाजात: "घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी रोज दहा मिनिटं तरी बसा." हे मी कोणाला सांगत होतो? बंद दाराला! माझ्याच तोंडाची मला किळस आली.

दोन वाजता नाटक लागलं. नेमका त्यात एक म्हातारा पोरांना हाका मारत होता. तेवढ्यात पाणी घ्यायला मालक एका अंगावर कलले आणि खाटेवरून खाली आले. लुळा हात अंगाखाली अडकला.

"अरे... ये रे... पडलो..."

पुढच्या खोलीत चौकट न्यायला एक गृहस्थ आले होते. "कोण हो ओरडतंय आत?"

"काही नाही, नाटक लागलंय. बाबा ऐकतायत."

"काय काम करतोय गडी! अगदी खरा वाटतो."

"जरा अतीच करतोय," मुलगा म्हणाला आणि काच कापू लागला.

ज्या बापाच्या मांडीवर हा बोलायला शिकला, त्याचा आवाज याला ओळखू येईना! पण त्याला तरी काय बोलू? त्या आवाजावर बोळा तर मीच कोंबत होतो. नाटक संपलं, चर्चा सुरू झाली. चार शहाणे एकमेकांना "तुमचा मुद्दा योग्य आहे" म्हणत राहिले आणि खाली मालकांचा घसा बसत गेला.

मग त्यांच्या डाव्या हाताला जमिनीवरची माझी वायर लागली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आधी... माणूस," ते पुटपुटले आणि होता नव्हता तो जोर लावून त्यांनी हिसका दिला.

मी फरशीवर आपटलो. अंगाला तडा गेला, आवाज बंद झाला. घरात पहिल्यांदाच भरदिवसा शांतता झाली आणि त्या शांततेत तीच हाक पुन्हा गेली. काच कापायचं थांबलं. मुलगा धावत आला.

"बाबा! मला वाटलं..." त्यानं त्यांचा अडकलेला हात सोडवला.

मालकांनी वाक्य जुळवायला घेतलं. मुलगा खाली बसून ते पुरं होईपर्यंत थांबला.

"मी... केव्हाचा... बोलतोय."

याला तीन आठवडे झाले. आता मालक पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी अडखळत का होईना वाद घालतात. काल एकाला म्हणाले, "तुमची... हजामत... वाईट... केलीय." तो गृहस्थ हसून हसून बेजार झाला. मुलगाही हसला.

पण सवय वाईट. आज सकाळी मुलानं मला टेबलावर उघडं केलं. "एकच तार तुटलीय, बाबा. आत्ता जोडतो. तेवढीच सोबत!" मालक काहीतरी म्हणू लागले, पण त्याचं लक्ष नाही. तारेला डाग द्यायची सळई तापलीय.

चाळीस वर्षांत मी कोणापाशी काही मागितलं नाही. आज मागतो. ती तार जोडू नकोस, बाळा. तुझ्या बापाचं वाक्य अजून अर्ध्यावर आहे. सळई ठेव खाली आणि त्याच्यापाशी जा.