उसना लाल पट्टा

मी घानाचा झेंडा बोलतोय. शाळेच्या आवारात फडफडतो तो नव्हे हं. तो नायलॉनचा, नवा. मी हेडमास्तरांच्या कपाटातला, जुन्या सुती कापडाचा.

माझा जन्म सत्तावन्न सालचा. सहा मार्चला देश स्वतंत्र होणार, आणि आमच्या कोळ्यांच्या गावात झेंड्याचा पत्ताच नाही! हेडमास्तर क्वान्सा बाजारभर फिरले. पिवळं कापड मिळालं, हिरवं मिळालं. लाल औषधालाही नाही. शेवटी शिवणकाम करणाऱ्या अराबाने ते आपल्या पेटीतून काढलं.

ते तिच्या सुतकाचं कापड होतं; आमच्याकडे जवळचं माणूस गेलं की लाल नेसतात, डोक्यालाही लाल बांधतात. स्वातंत्र्याच्या मोर्चात तिचा भाऊ एबो गोळी लागून गेला, तेव्हा तिने ते नेसलं होतं. शेजारणींनी नाकं मुरडली. आनंदाच्या दिवशी मयताचं कापड वर चढवायचं?

अराबा शिवता शिवता म्हणाली, "सोनं म्हणून पिवळा, रान म्हणून हिरवा, आणि सांडलेलं रक्त म्हणून लाल, असं मास्तरच सांगतात. मग माझ्या एबोचं काय पाणी सांडलं होतं?"

मधोमध आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचा काळा तारा बसवून तिने दोरा तोडला. "पण हे उसनं देतेय, मास्तर. मी गेले की माझ्या लेकीने डोक्याला हेच बांधायचं."

मास्तरांनी शब्द दिला. सहा मार्चच्या सकाळी मी वर चढलो. खाली अराबा हसत होती आणि रडतही होती.

सात वर्षांनी सरकारला पिवळ्याच्या जागी पांढरा हवासा वाटला. त्यांच्या पक्षाचा रंग, दुसरं काय! अराबाने मला उसवलं, पांढरा लावला. दोन वर्षांनी सरकार गेलं, पुन्हा पिवळा आला. तिने जुनाच पट्टा जपून ठेवला होता. उन्हाने तो विटला होता, ताऱ्याखालची जागा तेवढी गडद होती; तिथेच तिने तारा परत बसवला. लालला मात्र दोन्ही वेळा कुणाला हात लावू दिला नाही.

मंगळवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत. त्या दिवशी अराबा हटकून शाळेत यायची, माझी शिवण चाचपून बघायची. मी कपाटात गेलो तरी तिचा मंगळवार चुकला नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. क्वान्सा मास्तर तर कधीच गेले होते. दिलेला शब्द मला ठाऊक, पण मी सांगणार कसा? माझा जीव नुसता टांगणीला लागला.

अराबाची लेक एफुआ लाल पट्टा मागायला आली, पण नवे हेडमास्तर कचरले. "मावशी, राष्ट्रध्वज आहे हा. उसवायचा कसा?"

"आईने दोनदा उसवला तेव्हा सरकारला चाललं, गुरुजी. आता एकदा तिच्यासाठी उसवू द्या."

हेडमास्तरांनी माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. तीन वेळची शिवण, तीन तऱ्हेचे दोरे. मग त्यांनीच टेबलावरची कात्री पुढे केली.

आता माझ्यात दोनच रंग उरलेत. पुढच्या सहा मार्चआधी लाल परत शिवीन, असं एफुआ म्हणालीय. नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. फक्त कपाट आवरताना मला फाटका समजून फेकू नका. माझा लाल पट्टा अराबाच्या मयताला गेलाय.