पाठीवर ‘आई’ लिहिलेला साचा

मी एक जुना, प्लास्टरचा साचा आहे. चेहऱ्याचा साचा. मित्रांनो, तुमचं जे बाहेर आलेलं असतं, ते माझं आत गेलेलं आहे. नाकाच्या जागी खड्डा, गालांच्या जागी दोन वाट्या. त्यामुळे मला कुणी देखणा म्हणत नाही. मीच म्हणून घेतो.

माझा जन्म एका शिल्पकार ताईंच्या कामाच्या खोलीत झाला. ताईंनी आपल्या आईला खिडकीपाशी बसवलं होतं आणि मातीत तिचा चेहरा घडवत होत्या. पण आई कसली बसते! खिडकीबाहेरून जो जाईल, त्याच्या मागे तिची नजर निघायची.

“आई, मान हलवू नकोस गं.”

“मी कुठे हलवतेय? तुझे बाबा बघ आधी, स्वेटर न घालता चालले. अहो, कुठे निघालात?”

“कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो,” बाबा अंगणातून सांगायचे. रोज हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर. तो कोपरा किती लांब होता देव जाणे, बाबा तासाभराने परतायचे.

मातीचा चेहरा पुरा झाला. ताईंनी त्यावर प्लास्टरचे थर चढवले, आणि तो घट्ट झालेला थर म्हणजे मी. मग आतली माती खरवडून काढली, मला साबणाच्या पाण्याने न्हाऊ घातलं आणि माझ्यात नवं प्लास्टर ओतलं. एक अख्खी दुपार ती आई माझ्या कुशीत होती. तिच्या पापण्यांवरची सुरकुतीन् सुरकुती मला पाठ झाली. संध्याकाळी ताईंनी आम्हाला वेगळं केलं. टक् असा आवाज झाला. पुतळा उजेडात गेला आणि मी रिकामा झालो, तो आजतागायत.

ताईंनी माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, ‘आई’. साच्यांच्या पाठीवर नाव लिहावंच लागतं, कारण मागून आम्ही सगळे सारखेच ओबडधोबड. पुतळ्यांवर कुणी नाव लिहीत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढचा घोटाळा इथूनच होणार आहे.

वर्षभरात आई गेली. एके दिवशी बाबा पुतळा बघायला आले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग हळूच म्हणाले, “सगळं तिचंच आहे गं. नाक तेच, हनुवटी तीच. पण ही माझ्याकडे बघत नाही.”

ते पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. ताईंनी पुतळ्याचे डोळे चार वेळा नव्याने कोरले, आणि शेवटी त्यावर फडकं टाकलं. मी फळीवरून सगळं बघत होतो. बाबांनी एकदा ‘हीच ती’ म्हणावं, यासाठी ताई झुरत होत्या. आणि मी कशासाठी झुरत होतो, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आठ वर्षं मी त्या फळीवर काढली. मध्यंतरी माझ्या पोकळीत एका मांजरीने तीन पिल्लं घातली. त्यातलं एक हुबेहूब आईसारखं दिसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे मान वळवून बघायचं. खोटं वाटत असेल तर त्या मांजरीला विचारा. ती आता हयात नाही, म्हणून तर बिनधास्त सांगतोय.

अखेर ताईंचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं. प्रदर्शनाचं दालन म्हणजे चक्क एक घरच होतं. सोफ्यावर दगडाची मांजर झोपलेली, स्वयंपाकघरात नळाखाली दोन संगमरवरी हात. आईचा पुतळा झोपायच्या खोलीत, दारासमोरच्या फळीवर ठेवायचा होता. बाबांना आग्रह झाला.

“माझे गुडघे दुखतात.”

“तिथे जिना नाही, बाबा.”

“मग माझी मान दुखते.”

ताई पुढे गेल्या आणि धाकट्या भावाला सांगून गेल्या, “आईला तेवढं नीट गुंडाळून आण.” हा भाऊ शिल्पांना ‘ते पांढरं’ म्हणणारा. पुतळे सगळे फडक्यांखाली. त्याने नाव शोधलं, माझ्या पाठीवर ते सापडलं, आणि मला दोन गोधड्यांत गुंडाळून गाडीत पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता.

दालनात गोधड्या सुटल्या आणि ताईंचा चेहरा पडला. “अरे, हा साचा आहे! आई कुठाय?”

“मागे नाव लिहिलंय की! तूच लिहिलंयस!”

आमचं घर दोन तासांवर, आणि प्रदर्शन अर्ध्या तासावर. ताई भावाशी बोलेनाशा झाल्या. दालनाच्या मालकीणबाईंनी मलाच फळीवर उभं केलं आणि आत अंधार दिसतो म्हणून खाली एक दिवा ठेवला. मग त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि किंचाळल्या, “अगंबाई! ही माझ्याकडे बघतेय!”

मित्रांनो, खोलगट चेहऱ्यावर खालून उजेड पडला की तो लांबून उठावाचा दिसतो, आणि बघणारा चालू लागला की त्याच्याबरोबर वळतोय असं वाटतं. यात माझी करामत काही नाही. पण हे कुणाला सांगू नका.

शेवटच्या दिवशी बाबा आले. “ताई माझ्याशी बोलत नाही, तुम्हीच मिटवा,” म्हणून भावाने त्यांना आणलं होतं. ताई त्यांना चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या. बाबा झोपायच्या खोलीच्या दारावरून पुढे गेले, थबकले आणि मागे आले. एक पाऊल डावीकडे. मग उजवीकडे. चेहरा त्यांच्याबरोबर वळला.

ते लगबगीने माझ्याजवळ आले, आणि जवळ येताच ती नाहीशी झाली. समोर नुसता खड्डा. बाबा बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळहात आत ठेवला, अलगद, गालाच्या वाटीत. आठ वर्षांनी माझ्यात कुणी माणूस आलं होतं. तो हात उबदार होता. तो असाच राहावा, असं मला फार वाटलं. पण तो इथे असेपर्यंत ती परत येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

बाबांनी हात काढला आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले. तिथून वर बघितलं.

“कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरात कप खाली ठेवल्याचा आवाज आला. ताई दाराशी येऊन बाबांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

आता मी बाबांच्या घरी, व्हरांड्याच्या टोकाला आहे. खाली दिवा आहे. तेव्हा मित्रांनो, रिकामं दिसलं म्हणून काही फेकून देऊ नका. आधी पाठीवर कुणाचं नाव आहे ते बघा, आणि जरा लांब उभे राहा. दर रविवारी बाबा माझी धूळ पुसतात, तेवढा वेळ त्यांचा हात माझा असतो. बाकी आठवडाभर ते दारातून तिचा निरोप घेतात, आणि आता स्वेटर घालून जातात.