तिसरा गज

व्हायोलिनचा गज खिडकीपाशी उजेडात धरून कारागिराने एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने काठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“बाई, हा वाकलाय. तुम्ही कितीही सरळ ओढा, हा सरळ जायचा नाही.”

सुनेचा चेहरा उजळला. दोन वर्षं ती आपल्याच हाताला बोल लावत होती.

“बरं झालं,” बाकावरून सासूबाई म्हणाल्या, “काठीवर ढकलायला मिळालं.”

सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. दुकानदार गिऱ्हाईकाला कसं गुंडाळतात ते त्यांना पाठ होतं, आणि सून म्हणजे गरीब गाय, म्हणून त्या सोबत आल्या होत्या. बाकी वाजवण्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. सुनेने पंचेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं, त्याच आठवड्यात त्यांनी कापसाचा मोठा पुडा आणवला होता. “कानात घालायला,” असं सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेताने सांगून. तेव्हापासून संध्याकाळी वाजवणं सुरू झालं की त्यांच्या खोलीचं दार बंद.

येत्या शनिवारच्या कार्यक्रमात व्हायोलिन शिकवणारे सर सुनेला पहिल्यांदाच वाद्यवृंदात बसवणार होते. पण एका अटीवर: तिथे वाजवायच्या धुनेतली वरच्या सुरांची चढण न अडखळता आली पाहिजे. नाहीतर बसायचं प्रेक्षकांत.

कारागिराने तीन गज काढले, त्यांच्या केसांवर राळ फिरवली.

“इथे डोळ्यांनी निवडत नाहीत. ऐकणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि नंबर सांगायचा. कोण ऐकणार?”

“मला काय कळतंय त्यातलं!” म्हणेपर्यंत सासूबाईंनी बाकावरून उठून एक खुर्ची भिंतीकडे वळवलीसुद्धा.

सुनेने तिन्ही गजांनी तीच धून वाजवली. पहिला कोरडा वाजला. दुसऱ्याने दुकान भरून टाकलं. तिसरा काळपट, मुठीचं चामडं बदललेला.

“मला दुसरा,” सून म्हणाली. “केवढा भरदार आहे!”

“तिसरा,” भिंतीकडून आलं.

“अहो आई, तो किती जुनाट दिसतो.”

“त्याला काय लग्नाला उभं करायचंय? दुसऱ्याचा नुसता आरडाओरडा. त्यात लपतंय, पण चढणीवर चौथ्या सुराला अडखळलीस, रोजच्यासारखी. तिसऱ्याने नाही. मंगळवारी एकदा जमलं होतं, त्यानंतर आज.”

कारागीर खाली मान घालून राळेची स्वच्छ वडी पुसत राहिला. सून सासूबाईंच्या पाठीकडे पाहत होती. पाठ काही वळली नाही; कोऱ्या भिंतीवर त्यांना फारच महत्त्वाचं काहीतरी दिसलं असावं.

“बघत काय बसलीस? वाजव परत.”

सुनेने तिसरा गज उचलला. चढण आली आणि मागे पडली. तिला कळलंही नाही. भिंतीकडच्या खुर्चीतलं डोकं मात्र चौथ्या सुराला किंचित हललं.

परतताना गजाचा लांबट डबा सासूबाईंनी स्वतःकडेच ठेवला. कोपऱ्यावर औषधांचं दुकान आलं तशी सून थांबली.

“आई, कापूस घेऊ का? दोन वर्षं झाली, संपला असेल.”

सासूबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

“काही नको. आख्खा पुडा पडलाय.” आणि त्या पुढे निघाल्या. “पाय उचल जरा. वाजवायची वेळ होत आली.”