ढोलासकट आवाज

मित्रांनो, मी एक जुना प्रीअँप आहे. नाव ऐकून दचकू नका. माईकमधून येणारा आवाज फार नाजूक असतो. त्याला थोडे बाळसे आणून पुढे धाडायचे, एवढेच माझे काम. सांगलीच्या विश्रामबागेत पायगोंडा पाटलांच्या स्टुडिओत मी उभी हयात घालवली. भजने, नाटके, निवडणुकीची भाषणे, सगळे माझ्यातून गेले. "ह्याच्यासारखा गोड आवाज दुसऱ्या कशाचा न्हाई," असे पायगोंडा पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा माझी पत्र्याची छाती फुगायची.

मग नवे माईक आले. त्यांना वीज लागते आणि ती आवाजाच्याच तारेतून उलटी पाठवावी लागते. तिला फँटम पॉवर म्हणतात. ती माझ्याकडे नव्हती. झाले! माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. उंदरांनी माझी वायर कुरतडली, तरी कुणी विचारले नाही. खरे सांगतो, फार वाईट वाटले.

मला खाली आणले ते पायगोंडांच्या मुलीने, दीपालीने. माण तालुक्यातले धुळाआबा धनगरी ओव्या गात. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता, म्हणून दीपालीला तो आधीच जपून ठेवायचा होता. पण आबांचा आवाज इतका खोल गेला होता की जुन्या माईकला तो सापडेना आणि नव्या यंत्रांवर तो कोरडा येई. मग तिने मला उघडले, धूळ झटकली, कुरतडलेली वायर बदलली, पोटात फँटम पॉवर आणि तिचे बटण बसवले आणि नवा माईक जोडला. आबांचा थकलेला आवाज मी अलगद उचलला. एवढ्यात त्यांच्या साथीदारांचा ढोल वाजला आणि मी पार फाटलो! तो दणका मला सोसेना.

दीपालीने ढोलवाल्यांना बाहेर अंगणात बसवले. आबांनी तोंड उघडले, पण ओवी पुढे सरकेना.

"आबा, काय झालं?"

"आगं लेकी, ढोल छातीवर आदळल्याबिगर ववी उठत न्हाई. त्यास्नी आत बोलाव."

दुसऱ्या दिवशी आबांना मिरजेच्या दवाखान्यात भरती व्हायचे होते. मी घाबरून गेलो. दीपालीने मला पुन्हा टेबलावर घेतले आणि आत येणारा आवाज दारातच कमी करणारे एक बटण बसवले. त्याला पॅड म्हणतात. आता ढोलवाले आबांना अगदी खेटून बसले. ढोल घुमला, ओवी उठली आणि मी दोघांनाही सांभाळले. जाताना आबांनी माझ्या झाकणावर चिमूटभर भंडारा वाहिला.

"लय उपकार झालं गड्या," ते म्हणाले. मला आजवर कुणी गड्या म्हटले नव्हते.

आबा वाचले. आवाज मात्र गेला. परवा ते आले, तेव्हा दीपालीने त्यांचीच ओवी लावली. ते उठले, ढोल गळ्यात अडकवला आणि स्वतःच्या आवाजाला साथ देऊ लागले.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुने झाले म्हणून कुणाला टाकण्याआधी त्याला काय कमी पडते आहे, तेवढे बघा. मला दोन बटणे कमी पडत होती. दीपाली आता मला रोज पुसते, पण झाकणावरचा भंडारा तेवढा राहू देते.