अमावास्येचा बार

गेल्या वर्षी नवरात्रात आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र साधं होतं. उंब्रजजवळच्या एका गावाने मला विचारलं होतं की, सर्वपित्री अमावास्येला भाऊसोंच्या अंगणात जो बार झाला, तो भाऊसोंनी काढला की आपोआप झाला? खाली भाऊसोंची सही होती आणि तिला खेटून त्यांचे चुलतभाऊ आप्पासो यांची. ‘तुम्ही लिहाल ते आम्हां दोघांस मान्य.’ माझं म्हणणं आजवर माझ्या घरातही कुणी मान्य केलेलं नाही. त्यामुळे ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मी सांगलीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. भाऊसोंचा मुलगा लालासाहेब कॉलेजात असताना आमच्या माडीवर भाड्याने राहायचा. मी त्याला कधी काही शिकवलं नाही, पण भाऊसो मला मास्तर म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हाच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

भाऊसो फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांच्याकडे एक जुनी फौजी रायफल आहे. उसातल्या रानडुकरांसाठी म्हणून परवाना काढलेली, पण डुकरांनी तिला कधी मनावर घेतलं नाही. तिचं खरं काम दसऱ्याला. शिवेवर पालखी टेकली की भाऊसोंनी आभाळाकडे एक बार काढायचा, आणि बार ऐकला की गावाने आपट्यावर तुटून पडायचं. बार नाही तर सोनं नाही. हा मान भाऊसोंच्या घराचा. वर्षाला बार एकच, आणि भाऊसोंना तो जमला नाही तर मान आप्पासोंच्या घरी जायचा.

बहात्तर सालच्या दसऱ्याला भाऊसोंच्या बोटाने दगा दिला. संधिवाताने ते आखडलं होतं, आणि फौजी चाप म्हणजे ओढायला बैल जुंपावा इतका जड. पालखी टेकलेली, गाव श्वास धरून उभं, आणि सुभेदार ओढताहेत. शेवटी त्यांच्या पत्नी तानुबाई पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून बार काढला.

“जोडीनं सत्यनारायण घालत्यात,” आप्पासो सगळ्यांदेखत म्हणाले, “जोडीनं बार आज बगितला.”

हे भाऊसोंना वर्षभर गिळता आलं नाही. लालासाहेब तेव्हा इंग्लंडात कारखान्यात होता. त्याला वडिलांच्या बोटाचं कळलं, तेव्हा त्याने औषध पाठवलं नाही. रायफलला बसवायचा नवा, हलका चाप पाठवला. सोबत इंग्रजी कागद होता. ‘कागद मास्तरांकडून वाचून घ्या’ असं त्याने कळवलं, आणि मी जायला निघालो. नाही म्हणायला मला दोन-तीन दिवस लागतात, आणि भाऊसोंचा माणूस त्याच दिवशी एस.टी.ची तिकिटं घेऊन आला होता.

दिवस अमावास्येचा निवडला होता. “आज समदं गाव कावळ्यांच्या नादात आसतंय,” भाऊसो म्हणाले, “आपल्याकडं कुनी फिरकत न्हाई.”

अंगणात पोत्यावर रायफल सुटी करून ठेवली होती. नवा चाप जुन्या खाचेत मावत नव्हता म्हणून जोतिबा सुतार पटाशी घेऊन बसला होता. मी चष्मा पुसला आणि कागदाचं पहिलं वाक्य मराठीत सांगितलं, “शंका असल्यास जाणकार बंदूकवाल्यास विचारावे.”

“मग तुमालाच इचारतोय की,” भाऊसो म्हणाले.

“मी जाणकार नाही.”

“कागदाला ठावं हाय का ते? फुडं वाचा.”

“हा स्क्रू बहुधा सैल करत...”

“बहुधा असं कागद म्हनतोय का तुमी?”

“मी.”

“मग ते सोडा. स्क्रूचं काय म्हनतोय तेवढं सांगा.”

जोतिबाने लाकूड तासून चाप बसवून पाहिला. तो आत गेला आणि डुगडुगायला लागला. “खाच जरा म्होटी पडली, मास्तर. कागदात पाचर कुठं मारायची दिलंय का?”

“पाचरीचं काही नाही.”

“पाचर न्हाई? मग तितलं सुतार करत्यात काय?”

पाचर बसली. चापही बसला. मग भाऊसोंनी रिकाम्या रायफलच्या चापावर आखडलेलं बोट ठेवलं आणि म्हणाले, “आजून हलका.” स्क्रू फिरवला. “आजून.” पुन्हा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं, ते मी वाचनालयात फार क्वचित पाहिलं आहे; हवं असलेलं पुस्तक जागेवर सापडलं की एखाद्याच्या चेहऱ्यावर येतं ते. चाप शेवटी इतका हलका झाला की तानुबाई ओसरीवरून म्हणाल्या, “आवं, बास करा. आता निस्तं रागानं बगितलं तरी सुटंल.”

भाऊसोंचं समाधान होईना. नुसत्या दारूचं, गोळी नसलेलं एक काडतूस त्यांनी आत घातलं, नळी आभाळाकडे केली आणि काडतूस आत कोंडणाऱ्या बोल्टला हात घातला. “भरल्याली रायफल हाताला कशी लागती बगतो. काढायचा न्हाई बार. लावू का बोल्ट, मास्तर?”

मला त्याच वेळी दिसलं होतं की कागदाच्या मागल्या बाजूलाही मजकूर आहे. मी पान उलटत होतो. “लावा, लावा,” मी म्हणालो. कुणी काही विचारलं की मी असंच म्हणतो.

त्यांनी बोल्ट लावला आणि बार झाला.

त्यांचं बोट चापापासून लांब होतं. हे मी स्वच्छ पाहिलं. कानांत घंटा वाजत असताना मी मागल्या पानाचं पहिलं वाक्य वाचलं, “स्क्रू फिरवल्यावर रिकाम्या रायफलचा बोल्ट जोराने लावून खात्री करावी. भरलेल्या रायफलने असे कदापि करू नये.” हे मी मोठ्याने वाचलं. हाती घेतलेलं काम पुरं करावं, एवढंच मनात होतं.

गावात त्या वेळी घरोघर पानं वाढून छपरांवर घास ठेवले होते. बार झाला आणि गावातले सगळे कावळे उठून कृष्णेपलीकडे गेले. मग छपराछपरांवरून विनवण्या सुरू झाल्या. म्हातारे पुरुष हात जोडून काव काव करू लागले. एका घरी घास बकरीने खाल्ला. त्यांनी तो चालवून घेतला.

एवढ्यात आप्पासो आले. त्यांच्या हातात आपट्याची डहाळी होती.

“सोनं घ्या दादा. सोन्यासारखं ऱ्हावा.”

समोर धरलेलं सोनं कुणी नाकारत नाही. भाऊसोंचा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी पानं घेतली, आप्पासोंना मिठीसुद्धा मारली, आणि मिठीतच त्यांच्या ध्यानात आलं.

“झाला की दसरा,” आप्पासो त्यांच्या खांद्यावरून म्हणाले. “औंदाचा बार तुमी काढला, आमी ऐकला. दसऱ्यादिवशी वाजंल तो आता आमचा.”

“आरं आज आवस हाय, गड्या!”

“बार तुमी काढला. आवस मी काढली का?”

सोनं दिलं-घेतलं हे दारात उभ्या चार जणांनी पाहिलं. दसरा असो वा नसो, आपण मागे राहायला नको, म्हणून तेही आपट्याकडे पळाले. त्यांना पाहून बाकीचे निघाले. तासाभरात शिवेवरच्या आपट्याला पान उरलं नाही. लोक एका हाताने कावळ्यांना बोलावत होते आणि दुसऱ्याने सोनं वाटत होते. मलाही दिलं. मी खिसे भरून सांगलीला परतलो.

मग ते पत्र आलं. त्यातली अडचण मला कळली आणि माझी झोप गेली. बार भाऊसोंनी काढला असं लिहावं, तर त्यांचा वर्षाचा बार अमावास्येलाच संपला आणि मान आप्पासोंकडे गेला. आपोआप झाला असं खरं लिहावं, तर आपोआप सुटणारी बंदूक पालखीजवळ कोण येऊ देईल? गाव तो चाप काढायला लावणार. मग पुन्हा जुना चाप, आणि तो त्या बोटाला ओढत नाही. मी कोश पाहिले. ‘काढणे’ या शब्दाला दीड पान दिलेलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

दसऱ्याला गाव शिवेवर गेलं. भाऊसो नव्या चापाची रायफल घेऊन उभे राहिले, आप्पासो त्यांच्या शेजारी, आणि सगळे उंब्रजकडून येणाऱ्या पोस्टमनची वाट पाहत राहिले. तो सुट्टी असूनही आला, पण माझं पत्र घेऊन नव्हे. अंधार पडल्यावर पालखी परत फिरली. आपटा तसाही बोडकाच होता.

हे सगळं मला तानुबाईंनी सांगितलं. यंदा घटस्थापनेला दोनच दिवस राहिले असताना, भाऊसोंच्या बोटासाठी सांगलीच्या वैद्याकडून तेल घ्यायला आल्या होत्या, तशा त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, काय बी ल्ह्या, पन ल्ह्या,” त्या म्हणाल्या. “रोज रायफल पुसत्यात अन् वाटंकडं बगत बसत्यात. पंचाहत्तरी वलांडली. बोटाचं ऱ्हाऊ द्या, आता मानूस चाललाय.”

“चापाचं काय केलंत?”

“तुमी मागलं पान वाचलं तसं केलं की. स्क्रू जरा आवळला, रिकाम्या रायफलीचा बोल्ट धा डाव आपटून बगितला. सुटत न्हाई. बोटाला मातूर लोन्यावानी लागतोय. पन गाव म्हनतंय, मास्तरांचं पत्तर आल्याबिगर शिवंवर आनायची न्हाई.”

“आपोआप झाला असं लिहिलं तर?”

“तर म्हनत्याल, बंदुकीला भूत लागलंय. आवस हुती. कुनीतरी काढला पायजे बगा.” त्या निघाल्या. “आन् त्यो ह्यांनी काढल्याला नगं.”

त्या गेल्यावर मी चष्मा पुसला. मग कागद घेतला आणि लिहिलं:

‘अमावास्येचा बार मी काढला. सुभेदारांनी बोल्ट लावू का असे मला विचारले आणि मी लावा म्हणालो. त्यांचे बोट चापाला लागलेले नव्हते. मागले पान वाचण्याआधी परवानगी देणारा मीच. माझ्या घराला आपल्या गावी कसलाही मान नाही. सबब हा बार हिशेबात धरू नये. चाप निर्दोष आहे. दसऱ्याचा बार सुभेदारांचा.’

उभ्या आयुष्यात आपण काही काढलं असं मी कधी लिहिलं नव्हतं. ते जरा बढाईखोर वाटलं. खोडावंसं वाटलं. पाकीट चिकटवून मोठ्या पोस्टापर्यंत गेलो, आणि पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून पुन्हा विचार करू लागलो. आप्पासोंनी ऐकलं नाही तर? ‘निर्दोष’ हे मी कुणाच्या अधिकारात लिहिलं?

माझ्या मागे हळदीने पिवळा झालेला एक हमाल कार्ड घेऊन उभा होता.

“आजोबा,” तो म्हणाला, “टाकताय का राखताय?”

मी टाकलं.