कोरा कोपरा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटावर धूळ खात पडलेली काळी गुंडाळी तुम्ही पाहिली असेल. तोच मी, एक जुना कापडी फळा. जाड कापडावर काळ्या रंगाचे थर चढवून नंदुरबारच्या एका कारागिराने मला घडवले आणि १९५८ साली मी वत्सलाबाईंच्या हाती आलो.

वत्सलाबाई ग्रामसुधारणेवर संशोधन करणाऱ्या तरुणांच्या मार्गदर्शक होत्या. गावातील एखादी गोष्ट बदलण्यापूर्वी ती आणखी कशाकशाशी जोडलेली आहे, हे त्या माझ्यावर बाणांनी काढवून घेत. माझा उजवा कोपरा मात्र कोरा राही. "हे आपल्याला अजून न कळलेले," असे त्या म्हणत. तेथे लिहिण्याची कोणासही अनुज्ञा नसे.

एका उन्हाळ्यात धानोरा या गावी बिनधुराच्या चुली बसवायच्या ठरल्या. पहिली चूल गावातल्या तापीबाईंच्या घरी बसली आणि त्यांच्या डोळ्यांचे पाणी थांबले. मग पावसापूर्वी घरोघर चुली बसवण्याची घाई सुरू झाली. सरकारी साहेब पाहणीला येणार म्हणून धर्मचंद या संशोधकाने माझ्या कोऱ्या कोपऱ्यात चुलीचे सुबक चित्र काढले.

माझा जीव कासावीस झाला. तापीबाईंच्या भिंतीवर टांगलेला असताना मी पाहिले होते, चुलीच्या वर टांगलेल्या मक्याच्या बियाण्याच्या कणसांतून बारीक पीठ गळत होते. साऱ्या गावाचे बियाणे असेच चुलीवर लोंबत होते. पण मला वाचा कोठली?

बाहेरगावी गेलेल्या वत्सलाबाई परतल्या. चित्र पाहून त्यांनी ते हातानेच पुसले.

"धूर थांबला, धर्मचंद. त्याच्यासंगे आणखी काय थांबले?"

"खोकला, बाई."

"आणि?"

"चला, जिथे थांबला तिथेच पाहू," म्हणत वत्सलाबाईंनी मला बगलेत घेतले.

तापीबाईंच्या घरी धर्मचंदाने चुलीवरचे एक कणीस उतरवून सोलले. दाणे पोकळ निघाले. इतकी वर्षे धूरच कीड दूर ठेवीत होता.

"पहिले धूर मन्हा डोया खाये, आते कीड मका खाई ऱ्हायनी," तापीबाई हसल्या. मग हसू मावळले. "भाऊ, आते पेरसूत काय?"

त्या दिवशी उरलेल्या चुली बसवणे थांबले. शेजारणींनी आपल्या धुराने काळवंडलेल्या जुडीतून तापीबाईंना कणसे दिली. पुढे धर्मचंदानेच धुराची नळी कणसांजवळून बाहेर नेणारी, तिच्या उबेने कणसे कोरडी ठेवणारी चूल आखली, आणि माझा कोपरा पुन्हा कोरा सोडला.

मित्रांनो, आता माझ्या घडीवर भेगा पडल्या आहेत. मला दुमडू नका, अलगद गुंडाळा. आणि माझ्यावर काही लिहाल, तेव्हा तो कोपरा कोरा ठेवा. तो भरलेला दिसला की आजही मला तापीबाईंची ती पोकळ कणसे आठवतात.