दहा नळ्यांचं एकमत

मावशीच्या चाळीस डुकरांपैकी दोन एका आठवड्यात गेली. बाकीच्यांतल्या काहींना हगवण लागली होती. आमच्या प्रयोगशाळेतली जुनी तपासणी एवढंच सांगायची, की आतड्यात जंतू आहेत. ते धडधाकट डुकरांतही थोडेफार असतातच. म्हणजे ताप आहे का विचारावं आणि उत्तर यावं, "अंग आहे."

मी बसवत होतो ती नवी तपासणी जंतू मोजायची. आकडा लाखावर गेला तर औषध, नाहीतर नाही. मावशीकडून दहा डुकरांची विष्ठा दहा नळ्यांत भरून मागवली.

दहाही नळ्यांत जेमतेम चार हजार. आमच्या मॅडम खुर्चीतून उठल्या. एरवी त्या आग लागली तरी उठत नाहीत.

"काय तपासणी आहे! आकडा जागचा हलत नाही!"

मी मावशीला निरोप धाडला, औषध नको. दोन दिवस हवेत होतो. मग डोक्यात आलं, दहा पोटांत एवढं एकमत? आमच्या घरी पंखा कितीवर ठेवायचा यावर चौघांचं होत नाही.

फोन लावला. "मावशी, नळ्या दहा डुकरांच्याच ना?"

"दहाच होत्या की नळ्या."

"आणि डुकरं?"

"बाकीची जवळ येऊ देत नाहीत रे मेली. थोरली तेवढी गुणाची, उभी राहते."

"दहाही थोरलीच्या?"

"सकाळपासून बसले होते तिच्यामागे. तिनंही काही हात आखडता घेतला नाही."

गमबूट चढवून मीच गेलो. नऊ डुकरांमागे धावलो, दोनदा आडवा झालो. एक नमुना डुकराचा की माझ्या पँटचा हे ठरेना, तो टाकून पुन्हा घेतला.

सात डुकरं हजारांत निघाली. मागच्या कप्प्यातली दोन मात्र सात लाख आणि नऊ लाख. त्या कप्प्यातल्या सहाही डुकरांना मावशीनं त्याच संध्याकाळी औषध दिलं. नऊ लाखवालं सकाळी गेलं.

"माझ्यामुळे गेलं का रे ते?" मावशीनं फोनवर विचारलं.

"निरोप मी धाडला होता."

"मग अर्धं अर्धं," ती म्हणाली, आणि पुढच्या औषधाच्या मापासाठी उरलेल्या पाचांची वजनं सांगायला लागली.